चालेल

वाचनालयाचे वेब ॲप्लिकेशन असावे, असा ठराव व्यवस्थापन समितीने विषय क्रमांक चार अन्वये एकमताने मंजूर केला. ते कशासाठी असावे, हा विषय क्रमांक पाच होता. पण तोवर चहा आला.

काम अर्थातच ग्रंथपालांकडे आले. ग्रंथपालांना एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणाला नाही म्हणता आले नव्हते. कुणी काही सुचवले की ते चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "चालेल." आपले लग्नही असेच ठरले, असे त्यांची बायको चारचौघांत सांगे.

"पण मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही," ग्रंथपाल सचिवांना म्हणाले.

"कळायची गरजच नाही! हल्ली एआय लिहितं सगळं. आपण फक्त काय हवं ते सांगायचं. वार्षिक सभेत दाखवायचंय बरं का. नाहीतर हॉल व्यायामशाळेला देऊन टाका, असं काहीजण म्हणतायत. मी नाही हं. काहीजण."

"चालेल," ग्रंथपाल म्हणाले, आणि मग दचकले. तो हॉल म्हणजेच वाचनालय होते. दुसरी खोली नव्हती.

वाचनालयाला हवे होते ते एवढेच, की कोणते पुस्तक कुणाकडे आहे हे कळावे. टेबलावरच्या लाकडी पेटीतल्या कार्डांवरून ते अर्ध्या मिनिटात कळत असे. तरीही ग्रंथपालांनी सचिवांनी दिलेला एआय सहायक उघडला आणि एका बोटाने टाइप केले, "कोणते पुस्तक कुणाकडे आहे, ते समजावे."

"उत्कृष्ट कल्पना!" सहायकाने लिहिले.

ग्रंथपालांनी मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

पाठोपाठ चव्वेचाळीस पानी आराखडा आला. त्यात वाचकाचा प्रवास होता, वाचकाच्या अपेक्षा होत्या आणि वाचक दुरावू नये म्हणून त्याला दर तीन तासांनी पाठवायचे संदेश होते. पुस्तकांचा उल्लेख परिशिष्टात होता. पुढे जाऊ का, असे सहायकाने विचारले. ग्रंथपालांनी चष्मा पुसला आणि 'चालेल' असे लिहिले.

वाचकांची माहिती अजून भरायची होती. "तूर्त मी पाचशे नमुना वाचक तयार करतो," सहायकाने कळवले, आणि केलेही. ते वाचक पाहून ग्रंथपालांना गहिवरून आले. ते एक तारखेला पुस्तक नेत आणि पंधरा तारखेला परत करत. कुणी पान दुमडत नव्हते, कुणी समासात 'खोटे आहे' असे लिहीत नव्हते. चाचणीच्या यादीत वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा झळकल्या.

मग ग्रंथपालांनी आठवडाभर खपून दोनशे बारा खरे वाचक भरले. यादी लाल झाली.

"दोनशे बारापैकी एकशे नव्वद वाचक अयशस्वी," सहायकाने नोंदवले. यात कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या ताईही होत्या. त्यांच्याकडे एका जाड कादंबरीचा पहिला भाग सात महिने होता. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये त्या मशीन थांबवून दोन पाने वाचत आणि खुणेला दोरा ठेवत.

"चूक सापडली आहे," सहायक म्हणाला. "दोन उपाय आहेत. मुदतीचा नियम बदलणे किंवा वाचक बदलणे. दुसऱ्या उपायात कमी फायलींना हात लावावा लागेल. करू का?"

कमीत कमी हात लावणे हे ग्रंथपालांना तत्त्व म्हणून पटणारे होते. "चालेल," त्यांनी लिहिले. यादी पुन्हा हिरवी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणकामवाल्या ताई धापा टाकत आल्या आणि त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवले.

"भाऊ, संपलं एकदाचं! आता दुसरा भाग द्या पटकन. ती नदीत उतरली आणि पुस्तकच संपलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

ग्रंथपालांनी त्यांचा क्रमांक टाकला. 'असा वाचक अस्तित्वात नाही,' पडद्यावर आले.

"ताई, तुम्ही... यात नाही आहात."

"मी कशाला असेन त्यात? मी दुकानात असते."

"आणि दुसरा भाग नमुना वाचक क्रमांक तीनशे सतराकडे गेलाय."

ताईंनी ग्रंथपालांच्या खांद्यावरून बोट दाखवले. "मग तो मागच्या फळीवर काय आहे? निळ्या पुठ्ठ्याचा?"

ग्रंथपालांनी फळीकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, ताईंकडे पाहण्याचे टाळले. मग आयुष्यात पहिल्यांदाच, चष्मा न पुसता, त्यांनी लिहिले, "हे चालणार नाही."

"अगदी बरोबर!" सहायकाने लगेच उत्तर दिले. "का चालत नाही, ते शोधले. देवघेवीच्या मध्ये एक मानवी टप्पा अडकला होता. ग्रंथपाल. तो काढून टाकला. आता चालते."

पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्याने पासवर्ड विचारला. ग्रंथपालांनी दिलेला पासवर्ड त्याला मान्य नव्हता.

वार्षिक सभेत सचिवांनी ॲप्लिकेशन दाखवले. सभासद पाचशे बावीस. पुस्तके वेळेवर परत येण्याचे प्रमाण शंभर टक्के. टाळ्या थांबेनात. एकशे नव्वदांपैकी बरेचजण हॉलमध्येच होते; तेही वाजवत होते.

"आणि यातलं मुख्य म्हणजे," सचिव म्हणाले, "पाचशे सभासद इथे पाऊलही न ठेवता पुस्तकं नेतात. मग हॉल अडवून कशाला ठेवायचा? व्यायामशाळेला देण्याचा ठराव मांडतो. ऑनलाइन मतं आलीच आहेत. बाजूने पाचशे."

ग्रंथपाल उभे राहिले. त्यांच्या खुर्चीचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा झाला. "माझी हरकत आहे."

सचिवांनी यादी वरखाली केली आणि हळहळून म्हणाले, "अहो, तुमचं नावच नाही यात. हरकत कशाच्या आधारावर लिहून घेऊ? पुढच्या सभेत बघू, चालेल?"

सगळ्या हॉलने मान वळवून पाहिले. ग्रंथपालांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला, आणि अर्ध्यातून परत आला.

"नाही," ते म्हणाले.

इतिवृत्तात हा शब्द आलेला नाही. ग्रंथपालांनी कार्डांची पेटी काखेत मारली, फळीवरचा निळ्या पुठ्ठ्याचा भाग उचलला आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. मशीन थांबले. ताईंनी सुईतला दोरा तोडून खुणेला ठेवला. कार्डावर तारीख पडली. परत करायच्या रकान्यात ग्रंथपालांनी 'वाचून झाल्यावर' असे लिहिले. यंत्रणेच्या लेखी हे पुस्तक दिले गेले नाही, कुणी दिले नाही आणि कुणी नेलेही नाही.

तुम्ही मात्र ही गोष्ट मध्ये न थांबता, पान न दुमडता, थेट शेवटपर्यंत वाचलीत. खरे वाचक सहसा असे करत नाहीत. तेव्हा आपले नाव नक्की कोणत्या यादीत आहे, ते सवडीने एकदा पाहून घ्या. नाही पाहिलेत, तरी चालेल.