भाऊजींच्या बंदुकीचा दस्ता

रानडुक्कर माझ्यापासून चार पावलांवर होतं आणि आमचे भाऊजी त्याला ओरडून सांगत होते, "ए, थांब! परवाना हाय माझ्याकडं!"

पहिल्या धडकेतच त्यानं मला कापसात पाडलं होतं. आता ते परत फिरलं होतं. भाऊजींच्या हातात बारा बोअरची बंदूक होती, पण रिकामी. काडतुसं घरी, ज्वारीच्या कणगीत. बंदूक भरून फिरायचं नाही, असं त्यांचं नेहमीचं: "कायदा म्हंजे कायदा, वहिनी."

डुकराला कायदा ठाऊक नव्हता. मग भाऊजींनी बंदूक नळीकडून धरली आणि लाकडी दस्ता त्याच्या थोबाडावर हाणला. डुक्कर केकाटत तुरीत पळालं. दस्ता मानेशी, नळीला जोडतो तिथं, मोडला. मी कशीबशी उठून बसले, तर भाऊजी मातीत ढलप्या शोधत होते.

"मला लागलं का, इचारा की!"

"बोलून राहिल्या न्हाई का? मंग जित्त्या हाव."

माझे दीर हे. सत्तरी ओलांडली, लग्न केलं नाही. बंदूक माझ्या मालकांनी घेतलेली. ते रोज ओसरीवर बसून नेम धरायचे. ते गेले आणि परवाना भाऊजींच्या नावावर आला. भाऊजींनी एकदाही बार काढला नाही, साधा नेमही धरला नाही. दस्त्याला मात्र दर रविवारी जवसाचं तेल चोळणार, तळहाताएवढी जागा सोडून. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तेल पुरत न्हाई."

नळी घरी कुलपात ठेवून मोडकं लाकूड पिशवीत घातलं आणि आम्ही नांदेडला गेलो. बंदुकांचा दुकानदार म्हणाला, अक्रोडाचा नवा दस्ता महाग पडेल. दुसऱ्या बंदुकीचा जुना आहे, घासून बसवतो, स्वस्तात होईल.

"हाच जोडा."

"हा जोडत नसतो, काका."

किनवटला रहीमचाचा सुताराकडे गेलो. त्यांनी आणखी स्वस्त सांगितलं. "तुमच्याच बांधावरची बाभूळ आणा. लई चिवट लाकूड. नुसती मजुरी द्या."

"हाच जोडा."

मी चिडले. "घ्या की बाभळीचा! कवडीचुंबक कुठले!"

"तुमाला न्हाई कळायचं, वहिनी."

रहीमचाचांनी आत पितळेची सळई घातली, गोंद भरला, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर पक्कं बसलं होतं.

"बार झेपंल का?" मी विचारलं.

"ह्यांनी कधी काढलाय का बार, भाभी?" चाचा हसले आणि पॉलिश पेपर उचलला. "आता सगळा घासून नवा करतो."

पेपर त्या बिनतेलाच्या कोरड्या जागेवर गेला आणि भाऊजींनी त्यांचं मनगटच धरलं. "तिथं न्हाई!"

"अरे भाई, डाग पडलाय इथं. घामाचा."

"दादाचा गाल टेकायचा तिथं."

चाचांनी पेपर खाली ठेवला. मी वाकून पाहिलं. गुळगुळीत, काळपट जागा. इतकी वर्षं घरात होती, मला दिसली नव्हती. मी म्हटलं, "चला, एसटी जाईल."

गावात कुणी विचारलं, दस्ता कसा मोडला, तर भाऊजी सांगतात, हातातून पडला. खोटं आहे ते. ज्या लाकडाला ते तेलसुद्धा भीत भीत लावायचे, ते त्यांनी डुकराच्या तोंडावर मोडलं.

कापसात पडलेली बाई मी होते.