वीस मार्कांची उद्देशिका

दिव्यानीच्या मोबाइलवर मेसेज आला तेव्हा घरात सगळे दुपारच्या जेवणाला बसले होते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी शिकवणाऱ्या प्रणित सरांचा होता. ‘उद्या सकाळी दहाला तोंडी परीक्षा. प्रत्येकाने एक उद्देशिका सादर करावी. गुण वीस. ज्याची नसेल तो नापास.’

दिव्यानीचा घास हातातच राहिला. मावसबहिणीच्या लग्नासाठी ती आठवडाभर कोरपन्याला होती. वर्गात काय शिकवलं, तिला पत्ता नव्हता.

“उद्देशिकाच ना?” तिची आजी इंदुताई म्हणाल्या. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. “थे तं तुले बालवाडीपासून पाठ हाये.”

खरंच होतं. संविधानाची उद्देशिका या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी चौकटीत लावलेली होती, आणि पाहुण्यांसमोर ती म्हणून दाखवल्याशिवाय इथल्या एकाही लेकराला कधी चॉकलेट मिळालं नव्हतं. दिव्यानीने निश्चिंतपणे आणखी भात घेतला. तेवढ्यात दुसरा मेसेज आला. ‘उद्देशिका स्वतः रचलेली हवी.’

“स्वतः रचलेली?” तिचे बाबा अश्वजित यांनी ताट सरकवलं. “संविधान बदलवाले निघाला का थो मास्तर?”

“नवीन हायेत जी ते. साताऱ्याकडचे,” आई ज्योत्स्ना समजुतीने म्हणाली.

तिसरा मेसेज दिव्यानीने चाचरत वाचला. “नदी, पक्षी, जुनी वस्तू, कोणालाही उद्देशून चालेल.”

“पक्ष्याले!” इंदुताई उठल्याच. “चाल कालेजात. मी बोलतो त्याच्याशी.”

इंदुताईंची निळी मोपेड मूल गावातल्या जुन्या माणसांना अजून आठवते. तिच्यावर बसून त्यांनी जंगलातल्या तीन शाळा केल्या. आता गाडी तीस वर्षांची आणि इंदुताई सत्तरीच्या पुढच्या. मागे दिव्यानी बसली, तिच्या मांडीवर भिंतीवरून काढलेली चौकट. राइस मिलपाशी गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा बंद पडली ती कॉलेजच्या फाटकातच.

प्रणित सर घरी निघाले होते. इंदुताईंनी चौकट त्यांच्यासमोर धरली. “याच्यातला कोन्ता शब्द तुमाले पटत नाई, सर?”

सरांनी चौकट पाहिली, मग दिव्यानीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “आजी, ही ती उद्देशिका नव्हे! इंग्रजीत ओड म्हणतात, त्यालाही मराठीत उद्देशिकाच म्हणतात. भावकवितेचा प्रकार आहे तो.”

“मंग नाव काऊन एकच?”

“कोशात दोन्ही अर्थ आहेत.”

“कोशवाल्याईले अजून एक शब्द सुचत नव्हता का?”

सरांनी खोल श्वास घेतला. “नीट ऐका. समोरच्याशी थेट ‘तू’ म्हणून बोलायचं. त्याचा गौरव करायचा. तो करता करता स्वतःबद्दलही काहीतरी उमगलं पाहिजे. आणि सूर हवा भारदस्त. समजलं?”

“नाही, सर,” दिव्यानी प्रामाणिकपणे म्हणाली.

“मग उद्या दहापर्यंत समजून घे,” म्हणून सर वैतागून निघून गेले.

इंदुताईंनी किक मारली. गाडी ढिम्म. दहा किका झाल्या. मग मात्र त्यांचा तोल सुटला.

“काऊन वं, आता काऊन रुसली? चिखलात मी तुले ओढलं, चढावर तू मले ओढलं. साहेब तपासनीले याचा तं तुया आवाज ऐकून पोट्टे पाढे म्हनाले लागत. वाघ आडवा आला थ्या दिवशी नाई थांबली, अन् आज सपाट डांबरावर थांबली? म्हातारी तू झाली, मी नाई झाली!” मग आवाज जरा खाली आला. “पोटात पेट्रोल तं हाये ना वं?”

त्यांनी झाकण उघडलं. टाकी कोरडी ठण्ण होती.

मागे दिव्यानी चौकट उलटी करून तिच्या पाठीच्या पुठ्ठ्यावर भराभर काहीतरी लिहून घेत होती.

दुसऱ्या दिवशी तिचं नाव पुकारलं गेलं. इंदुताई व्हरांड्यात शिपाई मुखरूभाऊंजवळ उभ्या होत्या. दिव्यानी समोर आली, आणि चौकट छातीशी धरून खणखणीत आवाजात म्हणाली, “उद्देशिका!”

बाकं करकरली. चाळीसच्या चाळीस मुलं ताडकन उभी राहिली. मुखरूभाऊंनी टाचा जुळवल्या.

“अरे, बसा! ही ती नव्हे!” सर ओरडले. कोणी बसेना. चौकट समोर दिसत असताना बसणार कोण? शेवटी एकटं बसून राहणं बरं दिसेना, म्हणून सरही उभे राहिले. दिव्यानीने चौकट जरा पुढे धरून तिच्या मागच्या पुठ्ठ्यावरून वाचलं,

“हे निळ्या गाडी, तू चिखलाच्या ओळखीची,
वाघासमोर न थांबलेली,
आज डांबरावर का थांबलीस?
तुझी टाकी रिकामी झाली आहे,
माझी आजी अजून भरलेली आहे.”

कोणी हसलं नाही. सावधान उभं राहून हसता येत नाही. सरांनी चष्मा पुसला आणि उभ्या उभ्याच वहीत अठरा मार्क मांडले.

व्हरांड्यात मुखरूभाऊ हळूच इंदुताईंकडे वळले. “पोरीनं मस्त म्हटली, बाई. पन थे पेट्रोलवाली घटनादुरुस्ती कवा झाली जी?”

“काल,” इंदुताई म्हणाल्या. “फाटकात.”