शेवटच्या अक्षराच्या पोटात

“अक्षर वाचायचं असतं हो, नुसतं बघायचं नसतं!”

हा आवाज फॉन्टरावांच्या कानात लग्न ठरल्या दिवसापासून मुक्कामाला होता. मुलगा काय करतो असं विचारल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने आपण केलेली एक जाहिरात पुढे ठेवली होती. होणाऱ्या सासूबाईंनी पर्समधून लाल पेन्सिल काढली, जाहिरातीवर दोन-चार ठिकाणी गोल केले, आणि कागद परत देताना हे वाक्य सुनावलं होतं.

फॉन्टराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाट्या, पत्रिका, जाहिराती, डब्यांवरची वेष्टनं असं सगळं संगणकावर जुळवणारा हा माणूस. रस्त्याने निघाला की दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बघत चालायचा आणि खांबावर आपटायचा. मित्रांनी ठेवलेलं नाव घरात आलं, आणि बायकोच्या तोंडीही बसलं.

सासूबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. उभ्या नोकरीत त्यांनी कोणाची तोंडभरून स्तुती केली नाही. पोरगं पहिलं आलं, “ठीक आहे.” शाळेला नवी इमारत मिळाली, “ठीक आहे.” जावयाच्या वाट्याला मात्र लाल पेन्सिल! फॉन्टराव नवं काम दाखवायचे, त्या गोल करायच्या, हे धुसफुसायचे आणि घरी येऊन गुपचूप दुरुस्त करायचे. काम सुधारायचं, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

पण गेल्या वर्ष-दीड वर्षात लाल पेन्सिल बंद झाली होती. आता सासूबाई कागद हातात घ्यायच्या, लांब धरायच्या आणि म्हणायच्या, “ठीक आहे.” बस्स! चूक काढण्याइतकीही आपली लायकी उरली नाही, हे फॉन्टरावांना जेवढं लागलं, तेवढं पेन्सिलीचं टोकही कधी लागलं नव्हतं.

आता सासूबाई निवृत्त होत होत्या. शाळेच्या आवारातलं राहतं घर सोडायचं होतं. बायकोने मिनतवाऱ्या करकरून आईला आपल्याकडे राहायला यायला राजी केलं होतं.

“येते,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “पण एक सांगून ठेवते. कोणाला नको असताना मी कुठे राहिलेली नाही. तसा नुसता वास जरी आला ना, तर मैत्रिणीच्या गावात खोली बघून ठेवलीय मी.”

बायकोने तेव्हापासून श्वास जो रोखून धरला होता, तो अजून सोडला नव्हता.

आणि अशा नाजूक वेळी फॉन्टरावांना सुचली कल्पना!

“निरोपाच्या कार्यक्रमाचा फलक मी करणार! अख्खी भिंत भरून! नुसतं ‘ठीक आहे’ एवढंच लिहायचं, आणि अक्षरांच्या पोटात सगळ्यांचे निरोप. लांबून बघावं तर अक्षर, जवळ जावं तर माणसं!”

“अहो, कल्पना छान आहे,” बायको म्हणाली, “पण आईची दृष्टी किती तीक्ष्ण! एक काना इकडचा तिकडे झाला तर...”

“अगं, हे काम मी डोळे मिटून करतो!”

आणि त्यांनी ते खरोखरच तसं केलं.

तसं काम मोठं देखणं होतं. अक्षराचा पोकळ साचा करायचा आणि त्यात मजकूर सोडायचा. तांब्यात पाणी सोडावं तसा तो वळणावळणाने जातो, कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसतो. ‘ठी’ म्हणजे गोल गोल घागर, ‘क’ म्हणजे कमरेवर हात ठेवून उभी बाई, ‘आ’ म्हणजे ऐसपैस अंगण. अवघड होतं ते शेवटचं ‘हे’. नुसती वळणं, खाली शेपूट, आणि डोक्यावर वाऱ्याने उडेल अशी मात्रा! जाणता कारागीर अवघड अक्षर आधी भरून बघतो. फॉन्टरावांनी ‘हे’ पुढ्यात घेतलं.

पण भरायचं काय? निरोप गोळा करायचं काम शाळेतल्या गाण्याच्या बाईंकडे होतं, आणि त्यांच्याकडून अजून काहीच आलं नव्हतं. अशा वेळी बाकीचे लोक कुठलाही अर्थहीन मजकूर ओततात. फॉन्टरावांची सवय वेगळी, मनात असेल ते टाइप करायचं! बारीक अक्षर कोण वाचतंय?

आणि नेमकी त्याच दुपारी बायको मोजपट्टी घेऊन त्यांच्या कामाच्या खोलीत आली होती. “आईचा पलंग या खिडकीपाशी. तुमचं टेबल जेवणाच्या खोलीत जाईल. चालेल ना?”

“चालेल की!” फॉन्टराव हसून म्हणाले. बायकोची पाठ वळताच त्यांनी टाइप केलं.

‘सासूबाई येणार. माझी खोली जाणार. माझं टेबल भातापाशी जाणार. आणि मी जन्मभर ठीक आहे ऐकणार.’

चार ओळी, चिकटव, पुन्हा चिकटव, पार शेपटापर्यंत! काय सुरेख भरलं ते! मात्रा जरा हाताने सरकवावी लागली, पण बसली. आता धक्का लागून काही हलायला नको, म्हणून त्यांनी त्या अक्षराच्या थराला कुलूप घातलं. संगणकात असं कुलूप असतं. एकदा लावलं की तो थर जागचा हलत नाही.

दोन दिवसांनी निरोप आले. सगळं निवडा, सगळं पुसा, नवं ओता! सगळं पुसलं गेलं, कुलपातलं सोडून. नव्या निरोपांनी घागर भरली, बाई भरली, अंगण भरलं, आणि निरोप संपले. पडद्यावर चारही अक्षरं तळहाताएवढी. आत नुसत्या मुंग्या. सगळीकडे मुंग्या म्हणजे सगळं भरलं! फॉन्टरावांनी फाइल छापायला पाठवली आणि शीळ वाजवली.

समारंभाच्या सकाळी फलक शाळेच्या सभागृहात चढला. काय दिसत होता! फॉन्टराव लांबून बघून आले, तिरक्या कोनातून बघून आले, मग कौतुकाने नाक लावून शेवटच्या अक्षरापाशी उभे राहिले. पडद्यावरची मुंगी भिंतीवर हरभऱ्याएवढी झाली होती. स्वच्छ, ठळक, वाचनीय!

‘सासूबाई येणार. माझी खोली जाणार.’

त्यांनी खाली वाचलं, तेच. वर वाचलं, तेच. मात्रेतसुद्धा तेच!

तेवढ्यात दारातून आवाज आला. “लवकर आलात जावईबापू?”

सासूबाई! पाठोपाठ बायको, गाण्याच्या बाई, शिपाई, झाडून सगळे शिक्षक. फॉन्टरावांनी कोपऱ्यातली पामची कुंडी कवटाळली आणि फरफटत शेवटच्या अक्षरासमोर आणली.

“ती कुंडी तिथे कशाला?” सासूबाई दारातूनच म्हणाल्या. “येणाजाणाऱ्याच्या पायात येईल. होती तिथे ठेवा.”

कुंडी परत गेली. फॉन्टराव स्वतःच अक्षराला पाठ लावून उभे राहिले. हात पसरले. मान ताणली. पण ‘हे’ त्यांच्याहून ऐसपैस होतं. काखेखालून खोली जात होती आणि डोक्यावर सासूबाई येत होत्या!

बायको धावत आली. “अहो, घाम किती आलाय! बरं वाटत नाहीये का?”

“तू जा. सगळ्यांना चहाला ने. आत्ताच्या आत्ता!”

“चहा कार्यक्रमानंतर आहे.”

“मग दिवे घालव!”

“दिवे? अहो, सकाळ आहे!” तिने त्यांच्या कपाळाला हात लावला, आणि हात लावता लावता तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली. तिने वाचलं. मग अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाली, “हे तुम्ही लिहिलंत?”

“मनातल्या मनात लिहिलं होतं गं!”

“मनाचा आकार भिंतीएवढा आहे हो तुमच्या! आई हे वाचणार, इथल्या इथे मागे फिरणार आणि त्या खोलीत एकटी जाऊन राहणार. मग बसा तुम्ही तुमचं टेबल घेऊन!” तिचे डोळे भरून आले. फॉन्टरावांना वाटलं, आता भिंतीने आपल्याला पोटात घ्यावं.

पण उशीर झाला होता. सासूबाई फलकापाशी आल्या होत्या. त्यांनी चष्मा नीट बसवला. बोट ‘ठी’च्या गोलावर टेकलं, आणि त्या वाचू लागल्या.

“‘बाई, तुम्ही शाळेत असलात की घंटासुद्धा वेळेवर वाजायची. घंटा वाजवणारे हात तुम्हाला विसरणार नाहीत.’”

शिपायाने डोळ्याला रुमाल लावला. “मी तर नुसतं ‘शुभेच्छा’ लिहिलं होतं,” तो शेजाऱ्याच्या कानात म्हणाला. “सुधारून घेतलं वाटतं कोणीतरी!”

बोट पुढे सरकलं. फॉन्टरावांना एकही शब्द ऐकू येत नव्हता. त्यांना फक्त बोट दिसत होतं. बोट ‘क’च्या कमरेवरून उतरलं. गाण्याच्या बाईंच्या नावचा निरोप वाचला गेला. त्या आधी गोंधळल्या आणि मग लाजल्या. बोट अंगणात शिरलं, अंगण ओलांडलं, काना उतरलं... आणि आलं! ‘हे’च्या पहिल्या वळणावर आलं!

फॉन्टराव बाजूला झाले. दुसरं करणार काय? बायकोने त्यांचं मनगट असं दाबलं की नखं रुतली.

सासूबाई क्षणभर थांबल्या. मग त्यांचा आवाज पहिल्यासारखाच संथ निघाला.

“‘बाई, जिथे जाल तिथे तुमची वाट बघणारी माणसं असोत. तुमच्यासाठी दार उघडं असो, खिडकीपाशी जागा असो.’”

बोट शेपटाशी येऊन थांबलं. टाळ्यांनी छप्पर हललं!

फॉन्टराव पुतळ्यासारखे उभे. हे तिथे लिहिलेलंच नव्हतं! वाचलं सगळं, गिळलं सगळं, आणि चारचौघांत जावयाची अब्रू झाकली! एवढं मोठं मन? आणि आपण या बाईसाठी एक टेबल हलवायला कुरकुरलो?

लोक चहाकडे वळताच त्यांनी सासूबाईंना गाठलं. बायको मागून “अहो, गप्प बसा, गप्प बसा!” अशा खुणा करत होती. पण भरून आलेलं मन कोणाचं ऐकतं?

“आई, तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात. ते सगळं वाचूनही तुम्ही...”

“काय वाचूनही?”

“ते... शेवटचं.”

“शेवटचं काय?”

“ते हो, खोलीचं.”

“कुठल्या खोलीचं?”

फॉन्टरावांच्या लक्षात आलं, की आपण सुखरूप काठाला लागलो होतो आणि आपणच पुन्हा उडी मारली आहे! त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, हा आवाज वर्गातला होता, “त्या अक्षरात काय लिहिलंय? वाचा. आणि मोठ्याने वाचा.”

सुटका नव्हती. फॉन्टराव दांडी मारलेल्या पोरासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“‘सासूबाई येणार. माझी खोली जाणार. माझं टेबल भातापाशी जाणार. आणि मी जन्मभर ठीक आहे ऐकणार.’”

“पुढे?”

“पुढेही तेच आहे.”

“आणि त्याच्या पुढे?”

“शेपटापर्यंत तेच आहे, आई.”

“पुनरुक्ती फार आहे,” सासूबाई म्हणाल्या. पर्सचा बंद उगाच आवळत राहिल्या. बायकोचा चेहरा पांढराफटक झाला. मग तिच्या कपाळावर हळूहळू एक आठी उमटली.

“पण आई,” ती म्हणाली, “तिथे हे लिहिलेलं आहे, तर मग तू मघाशी काय वाचत होतीस?”

फॉन्टरावांनी झटकन वळून बघितलं. शिपायाचं ‘शुभेच्छा’, लाजलेल्या गाण्याच्या बाई, बंद झालेली लाल पेन्सिल आणि लांब धरलेले कागद एकदम त्यांच्या डोळ्यांसमोर आले.

सासूबाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. पुन्हा पुसला. काच स्वच्छच होती.

“मला दिसत नाही गं,” त्या म्हणाल्या. “वर्ष-दीड वर्ष झालं. बारीक सगळं धूसर होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता आपल्यालाच वाचता येत नाही हे कोणत्या तोंडाने सांगू? यांनी हौसेने कागद दाखवायचे, आणि मला त्यातलं मोठं अक्षर तेवढं दिसायचं. म्हणून तेवढंच म्हणायचे मी, ठीक आहे.”

फॉन्टरावांनी खालमानेने त्यांची पर्स स्वतःच्या हातात घेतली. “टेबल मी परवाच हलवलंय, आई,” ते पुटपुटले.

“भातापाशी?”

“भातापाशी.”

सासूबाईंनी चष्मा चढवला, दोन पावलं मागे सरून अख्ख्या भिंतीकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि हात आपोआप पेन्सिल शोधू लागला.

“आणि ऐका जावईबापू, तुमच्या ‘हे’ची मात्रा डावीकडे सरकलीय. तेवढं अजून दिसतंय मला!”