एकतीस डिसेंबरला मुदत संपते

खरं सांगा, याच वर्षी निघालेलं एखादं गाणं तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलंत का? रिक्षात वाजत होतं, मांडवातून कानावर आदळलं, पुतणीच्या मोबाईलवर अर्धं ऐकून "काय हे" म्हणालात, ते धरायचं नाही. मुद्दाम बसून ऐकलंत का? नसेल, तर आमच्या सोसायटीतल्या रेडीजकाकांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. ते तुम्हाला "एक्स्पायरी" म्हणतील आणि पुढच्या माणसाकडे वळतील.

रेडीजकाका सत्तरीचे. मूळचे चिपळूणकडचे, नोकरी तुर्भ्याला, घर बेलापूरला. रोज इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन आणि डोक्यावर भलेमोठे नारिंगी हेडफोन. त्यांच्या वयाची माणसं बागेत बसून "आमच्या वेळची गाणी" म्हणत उसासे टाकतात. काका एकही जुनं गाणं ऐकत नाहीत. गाणं ज्या वर्षी निघालं त्याच वर्षी ऐकायचं, असा त्यांचा नियम आहे. एकतीस डिसेंबरला गाण्याची मुदत संपते. एक जानेवारीच्या सकाळी काका फोनमधली सगळी गाणी पुसून टाकतात, लाडकी गाणीसुद्धा, आणि रिकामा फोन घेऊन बाल्कनीत बसतात.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. मी आत शिरले तर त्यांनी काही न विचारता हेडफोन माझ्या कानांवर चढवले. आत एक मुलगा ट्रेलरवाल्यांना, खड्ड्यांना आणि स्वतःच्या बापाला एका दमात शिव्या घालत होता. माझा माळा मागे गेला तरी मी तशीच उभी.

"उरणकडच्या जासईचा पोरगा आहे," काका म्हणाले. "घरासमोर कंटेनर उभे राहतात, त्यावर केलंय. याच महिन्याची बॅच."

"काका, शिव्या आहेत यात."

"इंजेक्शन आहे. टोचणारच."

काकांची सगळी नोकरी औषधांच्या गोदामात गेली. हातात आलेल्या कुठल्याही वस्तूची ते आधी मागची बाजू बघतात. लग्नपत्रिकेचीसुद्धा. त्यामुळे गाण्यांच्या जाती त्यांनी गोदामातल्यासारख्याच लावल्या आहेत. रॅप म्हणजे इंजेक्शन. गझल म्हणजे सिरप, दोन चमचे, झोपण्यापूर्वी. नुसत्या यंत्रांचं, शब्द नसलेलं संगीत म्हणजे सलाईन: थेंब थेंब पडतंय, आपण पडून राहायचं. एका मुलीनं अभंगाच्या चालीला सॅक्सोफोन जोडला होता, ते त्यांनी "कॉम्बिनेशन ड्रग" म्हणून मोठ्या आदरानं ऐकवलं. तमिळ गाण्यातलं अक्षरही त्यांना कळत नाही. "लेबल वाचता येत नाय, पण गुण येतो," म्हणतात. आणि ईशान्येकडच्या एका बँडचं ते गाणं, ज्यात गायक गातो की त्याला कुणी दारात चिमटलंय हे सांगणं कठीण, ते काका चहात खारी बुडवत शांत चेहऱ्यानं ऐकतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खारी एकदाही चहात पडली नाही.

कोळीगीतांचा आणि हळदीच्या गाण्यांचा पुरवठा दिवाळे गावच्या हिराताई करतात. त्या सोसायटीच्या गेटवर मासे विकतात. पाटीत बोंबील, कमरेला फोन.

"काका, आयका जरा. नवीन हाय. हलदीला पोरा याच्यावरच नाचतान."

"मासळी कालची चालेल हिराताई, गाणं नाय."

"मासली बी आजचीच हाय. नाकाला लावून बगा."

काका बोंबील तसाच ठेवतात आणि फोन कानाला लावतात. हळदीचं गाणं म्हणजे बाम. चोळलं की अंग मोकळं.

आता मी कोण, हे एका वाक्यात. आमच्या घरात तीन पिढ्या मोर्चातल्या. मी अक्षरं गिरवायला शिकले तीच "जाहीर निषेध" या दोन शब्दांवरून. गाण्यानं काही बोलावं, कुणाच्या तरी बाजूनं उभं राहावं, असं माझं मत होतं आणि आहे. सलाईन वगैरे मला चैन वाटते. पण सोसायटीत पत्रक लिहायचं झालं की मलाच बोलावतात, आणि तिथूनच पुढचं सगळं घडलं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी आमचं स्नेहसंमेलन असतं. त्यात एक तास काकांचा. "वर्षाचा ताजा साठा" या नावाखाली ते वर्षातली आपली आवडती नवी गाणी सगळ्यांना ऐकवत. सगळे म्हणजे आम्ही पाच-सहा टाळकी, आणि पहिल्या रांगेत सुमनकाकू, काठापदराची साडी नेसून. सुमनकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. एके काळी सोसायटीच्या गणपतीत त्यांच्या भावगीताशिवाय आरतीला सुरुवात होत नसे. गेली दोन-तीन वर्षं त्या गात नाहीत. "घसा बसलाय," काका सांगत. आम्ही हळद-दूध, ज्येष्ठमध, सगळं सुचवून झालं होतं.

यंदा कराओके मंडळानं पूर्ण संध्याकाळ मागितली. मंडळाचे प्रमुख मांडके, बँकेतून निवृत्त, स्वतःचा माइक स्वतःच्या मखमली पिशवीत बाळगणारे. कार्यक्रमाचं नाव "सुवर्णसंध्या", सगळी जुनी गाणी, काकांचा तास रद्द. निमंत्रण मी लिहायचं. मी नाही म्हणाले. जो तास सर्वांनी मिळून दिला तो चौघांनी परस्पर काढून घ्यायचा नसतो. तो तास माना झटकायच्या हेडबँगिंगचा असला तरी.

मी काकांकडे गेले ती पाठिंबा जाहीर करायला. दार उघडंच होतं. जासईच्या पोराचं तेच इंजेक्शन चालू होतं आणि सुमनकाकू खुर्चीत बसून गुडघ्यावर ताल धरत होत्या. मला धक्का बसला तो याचा, की ताल अचूक होता.

"हे छान आहे. नवीन का?" काकूंनी विचारलं.

"हो, आजच आलंय," काका म्हणाले.

मला ठाऊक होतं की ते आज आलेलं नाही. गाणं संपलं. काकांनी तेच पुन्हा लावलं. काकूंनी पुन्हा विचारलं, "नवीन का?" काका पुन्हा म्हणाले, "आजच आलंय." मला वाटलं, नवऱ्याच्या वेडाची चेष्टा करतायत. संसार मुरला की अशी चेष्टा येते म्हणतात. मी हसले. काका हसले नाहीत.

"काका, तुमच्यावर अन्याय झालाय," मी म्हणाले.

"अन्याय-बिन्याय राहू दे. माझा तास गेला तर आम्ही खाली येणार नाय. आणि वर्षात सुमनची माणसांत बसायची तेवढी एकच संध्याकाळ असते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बाहेर बोलू नको. टेन्शन नाय घ्यायचं, पण तेवढा तास मिळव."

मी पेटले. लिफ्टमध्ये पत्रक चिकटवलं: "वर्तमानावर बंदी कुणी घातली?" त्यात लिहिलं की ज्या समाजाला आपल्या काळात एकही चांगलं गाणं झालेलं दिसत नाही, तो समाज आपल्या पोरांकडे पाहायचं विसरला आहे, आणि रेडीजकाका हे या सोसायटीतले शेवटचे तरुण आहेत. आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. फक्त काकांनी ते वाचून कपाळाला हात लावला.

"शेवटचा तरुण? माझा गुडघा बघितलास का? अगं, तास मागितला होता, पुतळा नाय."

पण पत्रकाचा उपयोग झाला. समितीनं शेवटचा अर्धा तास काकांना दिला. काका म्हणाले, चालेल, सुवर्ण संपलं की आम्ही खाली येतो. मांडकेही गोड बोलले. फारच गोड. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रविवारी काका-काकू ठरल्या वेळी खाली आले. काकूंच्या केसांत अबोलीचा गजरा होता. त्या येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत होत्या आणि माणसांत बसल्याचा आनंद चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. काका स्पीकरची वायर सोडवायला वाकले, तेवढ्यात मांडके माइकवर म्हणाले, "ताज्या साठ्याआधी एक छोटंसं सरप्राइज. आपल्या सोसायटीचा आवाज, सुमनवहिनी. वहिनी, तुमचंच गाणं. ट्रॅक मी खास पुण्याहून मागवलाय."

त्यांनी खरोखर प्रेमानं केलं होतं. तेच वाईट झालं.

माइक काकूंच्या हातात आला. संगीत सुरू झालं. पहिली ओळ त्यांनी गायली, आणि काय सांगू, घसा बसलेला नव्हताच. आवाज तसाच होता, तळ्यातल्या पाण्यासारखा. सगळी सोसायटी टाळ्या वाजवायला लागली. मग दुसरी ओळ आली नाही.

समोर पडद्यावर शब्द सरकत होते. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, पण ते शब्द आणि आपला आवाज यांचा काही संबंध आहे हे त्यांना उमगत नव्हतं. लोक मदतीला धावले. "आठवा काकू." "अहो, तुमचंच गाणं." "पुढं काय ते, सांगा पाहू." पहिल्या रांगेतल्या बायका ओळ म्हणून दाखवायला लागल्या. काकूंनी एकदा मांडक्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पेपर कोरा राहिलेल्या मुलीचा चेहरा असतो तसा तो चेहरा होता. सत्तरीच्या बाईचा.

काकांनी पुढं येऊन पडद्याची वायर उपटली.

"हा काय फाजीलपणा, रेडीज?" मांडके म्हणाले.

"एक्स्पायरी," काका म्हणाले. एवढंच. मग फोन जोडला आणि हिराताईंचं हळदीचं गाणं लावलं. ढोल असे वाजले की टेबलावरचे समोसे हलले. काका माइक बाजूला ठेवून काकूंच्या शेजारी बसले. हळूहळू काकूंचा हात गुडघ्यावर आला. ताल सापडला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"हे छान आहे. नवीन का?"

"हो, आजच आलंय."

तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यांच्या एकदम.

पुढची गाणी वाजत राहिली: सिरप, सलाईन, ते चिमटलेल्या गायकाचं. मी काकांशेजारी जाऊन बसले. त्यांनीच सांगितलं, समोर बघत.

"डॉक्टर म्हणाले, जुनी गाणी ऐकवा, बरं वाटतं. काही जणांना वाटतही असेल. हिला नाय. हिला प्रत्येक जुनं गाणं येत होतं ना. मग एक ओळ लागते, दुसरी लागत नाय, आणि ही दिवसभर रडते. जुन्या गाण्यात तिची परीक्षा असते. नव्या गाण्यात आम्ही दोघं सारखेच अडाणी."

"आणि एक जानेवारीला पुसून टाकता ते?"

"वर्षभर वाजवलं की तेही अर्धंमुर्धं पाठ होतं तिचं. अर्धं आठवलं की झालं, परत रडारड. पूर्ण विसरलेलं चालतं गं. अर्धं विसरलेलं छळतं. म्हणून मुदत."

मला आठवलं, मी या माणसाला वर्तमानाचा सेनापती केलं होतं. ते सेनापती वगैरे कुणी नव्हते. एका बाईला नापास होऊ द्यायचं नाही म्हणून त्यांनी आपल्या आवडीची सगळी जुनी गाणी सोडून दिली होती. त्यांचीही असणारच ना काही.

कार्यक्रम संपल्यावर मांडके आले. माइकची मखमली पिशवी हातात चुरगाळत होते. "मला सांगायचं तरी, रेडीज."

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागला असता."

मांडक्यांनी खुर्ची ओढली आणि काकूंच्या दुसऱ्या बाजूला बसले. काकांनी जासईच्या पोराचं इंजेक्शन लावलं. मांडक्यांनी डोळे मिटले, मांडीवर हात ठेवला, आणि पहिल्याच शिवीला, बैठकीत समेवर दाद द्यावी तशी, मान डोलावली.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते नुसतं वाचून सोडून द्यायचं नाही. तुमच्याही इमारतीत, तुमच्याही घरात कुणाचा तरी "घसा बसलेला" असेल. आज संध्याकाळी याच वर्षी निघालेलं एखादं गाणं शोधा. इंजेक्शन असो, सिरप असो, तुम्हाला स्वतःला आवडलं नाही तरी चालेल. त्यांच्या शेजारी बसून ते शेवटपर्यंत ऐका. "ओळखलंत का", "आठवतंय का" असं अजिबात विचारू नका. आणि त्यांनी विचारलं, नवीन का, तर हो म्हणा. कितव्यांदाही विचारलं तरी म्हणा, आजच आलंय.