जांबोटीचा पेनड्राइव्ह

माणसं भेटली की ख्यालीखुशाली विचारतात. आमच्या बेळगावच्या खासबागेतले वसंतअण्णा विचारतात, "वैनी, सेव्ह केलासा काय?" मी चपात्या लाटत असले तरी हेच. शाळेतून पेटीमास्तर म्हणून निवृत्त झाले, कंप्युटरवर गाणी बांधायला लागले, आणि तेव्हापासून हा माणूस शेजाऱ्यांना छळतोय. चार सूर वाजवले की सेव्ह. चहाचा घोट घेतला की सेव्ह. फायलींची नावं तरी काय, 'अंतिम', 'खरं अंतिम', 'आता हात लावायचा न्हाय'. आणि त्यानंतर 'आता हात लावायचा न्हाय दोन'.

"यंत्राचा भरवसा न्हाय," म्हणत त्यांनी सहा घरांत पेनड्राइव्ह ठेवले होते. एक माझ्या मसुरीच्या डब्यात, एक सदलग्याला मेव्हण्याकडे, एक जांबोटीला थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आक्कांकडे. दर महिन्याला येऊन माझा डबा उपसायचे, नवं गाणं पेनड्राइव्हात भरायचे, आणि वर चहात साखर कमी म्हणायचे. लई राग यायचा मला.

यंदा शाळेच्या अमृतमहोत्सवाचं गीत त्यांनी बांधलं. चाळीस माजी विद्यार्थी, एकेकाला घरी बोलावून आवाज घेतलेले. ती मंडळी पुण्याला, बंगळूरला परत गेली, आणि कार्यक्रमाला तीन दिवस असताना कंप्युटर बंद पडला तो पडलाच.

अण्णा मात्र छाती काढून आले. "काढा मसूर."

माझ्या लॅपटॉपवर फाईल उघडली. पडद्यावर गाण्याच्या सगळ्या पट्ट्या दिसल्या, आवाज एकही नाही. सदलग्याचा मागवला, गल्लीतले बाकीचे आणले, सगळ्यांत तेच. ती फाईल म्हणजे नुसती मांडणी. खरे आवाज वेगळ्या फोल्डरात राहतात, आणि तो फोल्डर अण्णांनी दिलाच नव्हता.

"म्हणजे घरोघरी रिकामी भांडी ठेवून आलो मी," म्हणत ते मटकन खाली बसले. मला त्यांची पहिल्यांदाच कीव आली.

"जांबोटीचा बघितला?" मी विचारलं.

ते दचकले. "तिच्याकडं कंप्युटर न्हाय. टीव्हीला लावून ऐकती. म्हणून तिला आवाजांचा सगळाच फोल्डर दिलता."

दुसऱ्या दिवशी मिळेल ती बस पकडून आम्ही जांबोटीला गेलो. आक्का एकट्याच राहतात, घरात मोबाइलला रेंज नाही. पेनड्राइव्ह त्यांनी पदराच्या गाठीत बांधला तो सोडेचनात. "तू हरवशील," म्हणाल्या आणि स्वतःच आमच्याबरोबर बेळगावला आल्या. लॅपटॉपला लावला मात्र, चाळीसच्या चाळीस आवाज खणखणीत वाजले. अण्णांनी लगेच सेव्ह केलं, तीनदा.

कार्यक्रमात गाणं असं रंगलं की अख्खं सभागृह उभं राहिलं. हाताला मुंग्या येईपर्यंत मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. अण्णा त्या टाळ्यांत इतके हरवले की लॅपटॉप थांबवायचंच विसरले. लोक खाली बसले, आणि स्पीकरमधून गाण्यामागे जोडलेला अण्णांचाच आवाज आला, हळू, घरातला.

"आक्का, एवढंच गं गाणं. गोळी घेतलीस न्हवं? मोरीपाशी शेवाळ धरलंय, जपून जा. बस मिळाली की येतोच मी."

अण्णांचे कान लाल झाले.

आणि पहिल्या रांगेतून आक्कांनी, घरी टीव्हीला रोज देत असतील तसं, उत्तर दिलं, "घेतली रं. तू ये सावकाश."