थडग्यातला हात

चित्रकथांच्या मासिकाचे मालक फेरांते साहेब यांनी पुठ्ठ्याचा चष्मा हायमनच्या टेबलावर टाकला. एका डोळ्याला लाल कागद, दुसऱ्याला निळा. "घाल. हे पान बघ आणि बोल!"

हायमन लेविटनने चष्मा घातला. पानावर एक भूत होतं. काढलं झकास होतं, पण कागदाला चिकटून मुकाट बसलं होतं. लहानपणी ब्रुकलिनच्या गल्लीत चेंडू लागून हायमनचा डावा डोळा गेला होता. दिसायला शाबूत, कामाला शून्य. आणि चित्र अंगावर येण्याची ही गंमत दोन डोळ्यांशिवाय होत नाही. पण बाहेरच्या बाकावर चार तरणेताठे चित्रकार नोकरीच्या आशेने आपापली चित्रं मांडीवर घेऊन बसले होते. हायमनला सेहेचाळिसावं चालू होतं.

"बाप रे!" तो खुर्चीसकट मागे सरकला. "नाक वाचलं माझं, साहेब!"

"मग! अख्खं न्यूयॉर्क वेडं झालंय यापायी. आपलाही अंक काढायचा. भुतं, मंगळावरची माणसं, सगळं अंगावर आलं पाहिजे!"

घरी बायको, फ्रीडा, म्हणाली, "डोळ्याचं तोंडातून काढू नका हं. दुसरी नोकरी कोण देणार तुम्हाला?"

मग काय, त्याने फूटपट्टीवर भिस्त ठेवली. प्रत्येक चित्राचे पाच थर पाच पारदर्शक कागदांवर काढायचे आणि लाल छपाईसाठी एकीकडे, निळ्यासाठी दुसरीकडे केसभर सरकवायचे. सहा आठवडे त्याने मान मोडून थर सरकवले. सगळे मापात, आणि सगळे नेमके उलट्या बाजूला.

पहिली प्रत छापून आली. मुखपृष्ठावर थडग्यातून बाहेर येणारा हात आणि त्यामागे दात विचकणारं भूत होतं. फेरांते साहेबांनी नंबरचा चष्मा काढून पुठ्ठ्याचा चढवला, बराच वेळ पापण्या फडफडवल्या आणि कपाळ चोळत विचारलं, "हायमन, येतोय ना हात बाहेर?"

"येतोय म्हणजे? टाय सांभाळा, साहेब!"

रंग भरणाऱ्या थेल्मानेही चष्मा लावला. तेवीस वर्षांची पोर, डोळे घारीचे.

"हात आत जातोय," ती म्हणाली.

"काय?"

"हात आत जातोय आणि मागची भिंत पुढे येतेय. भुताचे दात तर पार त्याच्या टाळूत गेलेत."

"थेल्मा, आम्हा दोघांना बाहेर दिसतोय," साहेब म्हणाले. "तू घाबरली असशील. जा, रंग भर."

थेल्माने हायमनकडे पाहिलं. त्याला तेव्हाच कळलं की पोर खरं बोलतेय. तोंड उघडावं, तर डोळा उघडा पडणार. तो खाली बघून पेन्सिलीला टोक करत बसला. टोक आधीच झालेलं होतं. त्या दिवशी त्याला स्वतःची लाज वाटली.

अंक बाजारात गेला. हायमन रोज संध्याकाळी स्टेशनाजवळच्या पेपरवाल्यापाशी घुटमळायचा. गठ्ठा जसाच्या तसा. पोरांना त्या चष्म्यांनी डोकेदुखी जडली होती आणि महिन्याभरात वेड ओसरलं होतं. आपला अंक खपत नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारा तो शहरातला एकटाच चित्रकार असावा. 

जानेवारीत गठ्ठे परत आले. चष्म्याची पाकिटंसुद्धा कुणी फोडली नव्हती. फेरांते साहेबांनी त्याला आत बोलावून दार लावलं.

"दोघांपैकी एकालाच ठेवता येईल. थेल्माला काढतोय. पांढऱ्या पायाची पोर. हात आत जातोय म्हणाली, आणि बघ, धंदाच आत गेला!"

आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याचा सरावही दांडगा होता. पण हायमन बोलून गेला.

"तिचं बरोबर होतं, साहेब. थर मी उलटे सरकवले. मला एकच डोळा आहे. मला काहीच दिसलं नव्हतं."

साहेबांनी नाकावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"गाढवा," साहेब हळूच म्हणाले, "नंबरचा चष्मा काढला की मला कुठे काय दिसतं? तू एवढा उड्या मारत होतास म्हणून मी आणखी एक लाख प्रती छापल्या!"

हायमनने ब्रश आणि फूटपट्टी खोक्यात भरली. बाहेरच्या बाकावर आता कुणीही नव्हतं. निदान एक काम नीट केलं, असं मनाशी म्हणत तो जिना उतरू लागला, तेवढ्यात मागून पावलं वाजली. हातात खोकं घेऊन थेल्मा येत होती.

"तू कुठे निघालीस? मी सगळं कबूल केलं की!"

"तेच तर. साहेब म्हणाले, जिला पहिल्या दिवसापासून बरोबर दिसत होतं, तिचं तोंड रोज बघायला मला लाज वाटेल." बंद दाराआड आधी काय ठरलं होतं, ते तिला ठाऊकच नव्हतं. तिने खोकं कमरेवर घेतलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो बोलायला?"