नजमाभाभींचं बोट

आमच्या गल्लीत शिंकायची सोय नव्हती. कोणी शिंकलं की खिडकीतून रशीद सर ओरडत, "हलू नका बाप्पा! पट्टे गेले!"

मंगरूळपीरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेला हा माणूस. बकऱ्या हाकलून लावे, वरातीतल्या बँडवाल्याले हात जोडे. एकदा तं बसस्टँडवर जाऊन ड्रायव्हरले म्हणे, "गाडी जरा चवड्यावर न्या ना."

त्यायचा मोठा वैरी मी. त्यायच्या भिंतीले लागूनच माझी पिठाची गिरणी.

"देवीदासभाऊ, पाच मिनिटं चक्की बंद ठेवा."

"कायले? गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी हायत, त्यायले तुमचे पट्टे खाऊ घालू का?"

शेवटी त्यायनं मले हात धरून घरात नेलं. हादरा लागू नये म्हणून ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फरशी, तिच्यावर लेझर अन् आरसे. एकाच उजेडाच्या दोन वाटा करायच्या, आरशांवरून परत आणून मिळवायच्या, की भिंतीवर लाल-काळे पट्टे पडतात. आरसा केसाहून कमी हलला तरी पट्टे सरकतात. एक आरसा लाकडी पाटाले चिकटवला होता, अन् त्या पाटावर सरांच्या बायकोचा, नजमाभाभींचा हात.

लकवा मारल्यापासून भाभी पडूनच. डॉक्टर म्हणे, यायले आता काई समजत नाई.

"समजते तिले," सर म्हणाले. "मी बोट हलव म्हणतो, तं पट्टे हलतात. पण तुमची चक्की बी हलवते ना! म्हणून मी एका तालात हाका मारतो. चक्कीचा ताल अलग. तिचा जवाब माझ्याच तालावर येईन."

दुसऱ्या दिवशी मीच गिरणी बंद केली. गल्लीले असा दम भरला की कुकर बी चढला नाई. सारं चिडीचूप. सर हाका मारत होते, "नजमा, हलव... नजमा, हलव..."

पट्टे हलले! एकसारखे, थांबून थांबून. मी ओरडलोच, "सर, पाहा, हलून राह्यले!"

सरांनी भाभींच्या मनगटावर बोट ठेवलं. पट्ट्यांकडे पाहत बसले.

"ही नाडी हाय, भाऊ. माझ्या हाकेले काई आलं नाई."

सरांनी भाभींच्या हातावर नीट चादर ओढली.

"जा, चक्की चालू करा."

"काहून सर? दिवसभर बंद ठेवतो ना."

"नका ठेवू. चक्कीच्या गडबडीत मले ती बोलते असं तरी वाटे."

मी जाऊन बटन दाबलं. गहू ओतता ओतता ऐकलं, भिंतीपलीकडं सर पुन्हा हाका मारून राह्यले होते.